रुळाअलीकडची अकरा नावं

ह्यूस्टन,
४ मार्च

ताई,

परत काढलीस ना ती नावं. मागच्या खेपेला, इकडून तिकडे लोकांच्या पिशव्या नेणाऱ्या दोन्या ओदिलियाच्या हाती मी एवढं लांबलचक पत्र पाठवलं की दुकानाच्या वेबपानाला हात लावायचा नाही, लावायचाच असेल तर आधी मला विचारायचं. तू काय केलंस? अकराच्या अकरा कॉलन्यांची नावं पुसलीस आणि वर निरोप धाडलास की जागा अडत होती. वेबपानावर जागा अडते होय ताई? ते काय दाजींचं हत्यारांचं कपाट आहे?

मला कसं कळलं तेही ऐक. छपरावर होतो. डांबर इतकं तापलेलं की बुटाचे तळ चिकटत होते. पाणी प्यायला थांबलो, सहज फोन उघडला, तर ‘कुलूपवाला ब्रिसास’ या शब्दांना आठ मार्क होते त्याचे तीन झालेले. बाकीच्या कॉलन्यांचीही तीच गत.

आता शेवटचं समजावतो. मी सहावीत शाळा सोडली, मला समजलं, तर तुला न समजायला काय झालं. माणसाची किल्ली हरवली की तो फोनवर लिहितो, कुलूपवाला, आणि पुढे आपल्या कॉलनीचं नाव. त्याने लिहिलं तेच आपल्या जाहिरातीत असलं, आणि जाहिरातीत आहे तेच आपल्या पानावर असलं, की यंत्र खूश होतं आणि दहापैकी मार्क देतं. मार्क जास्त, तर जाहिरात वर आणि प्रत्येक क्लिकला पैसे कमी. मार्क कमी, तर तीच जाहिरात तिप्पट पैशांत आणि सगळ्यांच्या खाली, जिथे कुणाचं बोट पोचत नाही. त्या मोठ्या कंपनीचं शहरात एक दुकान नाही, तिच्याकडे एक कानस नाही, नुसती खुर्चीवर बसून आलेले फोन दुसऱ्यांना विकते. पण तिने प्रत्येक कॉलनीसाठी वेगळं पान केलंय, म्हणून तिला नऊ. आपल्याकडे पान एकच, म्हणून अकरा नावं त्याच्यातच कोंबावी लागतात. नियम मी केलेला नाही. मी केला असता तर ज्याला कुलूप उघडता येतं त्याला दहा दिले असते.

त्या तापल्या डोक्याने खाली उतरलो तर ओब्दुलियो म्हणून एक ग्वातेमालाचा आहे आमच्यात, तो म्हणाला, “काय रे, बायकोने पत्र पाठवलं का, दुसरा बघितला म्हणून?” मी खिळ्यांचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात गेले. मालकाने माझा अर्धा दिवस कापला. दात त्याचे पडले, खापर मी तुझ्यावर फोडतोय.

फोनवर लिहू नकोस म्हणतेस, नाक्यावरची टोळीची पोरं फोन उघडून बघतात म्हणून. ठीक आहे, नाही लिहीत. पण मग कागदावर तरी सरळ बोल. आणि नावं परत घाल.

सेल्विन


सान पेद्रो,
२१ मार्च

सिपोते,

चोवीस वर्षांचा झालास तरी तुला हीच हाक मारणार, पोरगंच आहेस म्हणून. कुणाचे तरी दात पाडून घरी यायचं आणि ताईचं नाव सांगायचं, ही सवय सहावीत होती तीच अजून आहे. त्या माणसाची माफी मागितलीस का? मागितली नसशील.

नावं मी काढली, आणि परत घालणार नाही. तुझ्या दाजींचा, मायनोरचा, गुडघा धरतो. मोटरसायकलवरून लांब जायला नको म्हणतो. जवळची कामं पुरतात आम्हाला, कुणाची किल्ली, शाळेचं कुलूप, दवाखान्याचं कपाट. तुझ्या यंत्राने तीन मार्क दिले तर देऊ दे. तूही तीनच आणायचास, आईने तुला घराबाहेर काढलं नव्हतं.

चीज पाठवलंय, ओदिलिया वाटेत खाऊन टाकेल त्यातून उरलं तर मिळेल. या वर्षी मावशीच्या हातचे केळीच्या पानातले नाकातामाल नाहीत. बेर्ता मावशीकडे मी नाताळच्या आधीपासून गेले नाही, तीही आली नाही. का ते विचारू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मोठ्या पोराला परवा पुरलं. तू त्याच्याबरोबर पतंग उडवायचास म्हणून कळवते, नाहीतर लिहिलं नसतं.

सगळं लिहिता येत नाही. मी हट्टी आहे असं समज हवं तर, पण नावं नकोत, एवढं ऐक. आणि सुट्टी काढून इकडे यायचं डोक्यातसुद्धा आणू नकोस. ज्याचा जबडा मोडून तू पळालास तो नेरी कुठे गेलेला नाही.

उन्हात डोक्याला फडकं बांधत जा.

सुयापा


ह्यूस्टन,
९ एप्रिल

ताई,

नावं मी परत घातली. अकराच्या अकरा. पानाची चावीपण बदलली, म्हणजे तुला आता पुसता येणार नाहीत. काय शिव्या द्यायच्या त्या दे, ओदिलियाच्या पिशवीत मावतील तेवढ्या.

दाजींच्या गुडघ्याचं म्हणशील तर औषधाची बाटली पाठवतोय, दोन वेळा चोळ. मला ते गुडघ्याचं खरं वाटत नाही. खरं कारण मावशी आहे, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. तुम्हा दोघींचं काहीतरी वाजलंय, तिच्या ब्रिसासमध्ये पाय ठेवायचा नाही असं तू ठरवलंयस, आणि तेवढ्यासाठी दुकानाचे मार्क मातीत घालतेयस. आपली एकच मावशी आहे ताई. तिने तुझ्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाचा स्वयंपाक एकटीने केला होता. दाजींना सांग, एक दिवस तिच्या फाटकाचं कुलूप फुकट बसवून या, भांडण मिटेल.

आणि मला इथे बसून काही कळत नाही असं समजू नकोस. मी त्याच गल्लीत वाढलो. रुळांच्या पलीकडे दुसरी टोळी, तिकडे आपल्या माणसाने जायचं नसतं, हे मला अजून पाठ आहे. ही अकरा नावं बघ, सगळी रुळाअलीकडची आहेत. पलीकडचं एकही घातलं नाही, तिकडे मागणी जास्त आहे तरी नाही घातलं.

जाहिरातवाल्या कंपनीने कुलूपवाल्यांसाठी आणखी एक नियम काढलाय. खोटे कुलूपवाले फार झाले म्हणून. आता दुकानाचा पत्ता, मालकाचा चेहरा आणि पाटी पानावर दिसली पाहिजे. पत्त्यावर मी दोन तास घालवले. मी लिहिलं, पांढऱ्या टाकीपासून दोन गल्ल्या खाली, निळ्या पुलपेरिया दुकानासमोर, काळं फाटक. यंत्र म्हणतं, रस्त्याचा नंबर द्या. आपल्या रस्त्याला नंबर असता तर दिला नसता का. शेवटी नकाशावर बोटाने टाचणी लावली, अगदी फाटकावर. फोटो तुझ्या लग्नाच्या वर्षीचा टाकला, दाजी बाकाशी उभे आहेत तो, हातात किल्ल्यांचा जुडगा. बघणाऱ्याला वाटतं, या माणसाला घरात घ्यायला हरकत नाही. नऊ मार्क मिळाले ताई. आता सगळ्या बाजूंनी फोन येतील बघ.

ज्याचे दात मी पाडले तो ओब्दुलियो परवा छपरावरून खाली आला. कुंपणाच्या लोखंडी गजांवर आला. आमचं जमलं होतं तोवर, माफी मी खरंच मागितली होती, तुझं पत्र येण्याआधीच. मालकाने त्याला गजावरून उपटून गाडीच्या मागे टाकलं, हॉस्पिटलच्या दारात ठेवलं आणि कुणी नाव विचारायच्या आत गाडी वळवली. मी मागे बसलो होतो, त्याचं पोट दोन्ही हातांनी धरून. माझा शर्ट अजून तसाच पडलाय.

म्हणून ते दुकान मला हवंय. मला त्या छपरांवरून उतरायचंय. पान माझं, हात दाजींचे. एवढंच मागतोय.

सेल्विन


ह्यूस्टन,
१२ मे

ताई,

तुझा निरोप फोनवर आला तेव्हा मी जेवत होतो, घास तसाच राहिला. फोनवर लिहू नकोस म्हणणारी तू, आणि तूच लिहितेस, “सेल्विन, नावं राहू दे. अजून दोन घाल. जाहिरात दिवसभर चालू ठेव.” सिपोते नाही, पोरगंबिरगं नाही, सरळ नावाने हाक. रागावून का होईना, अक्कल आली म्हणायची.

ती दोन नावं वाचून मी जरा थांबलो, कारण दोन्ही रुळापलीकडची आहेत. तिकडचं शांत झालं का? झालंच असेल, उगाच तू लिहिणार नाहीस. घातली. आता तेरा आहेत आणि मार्क दहा. मी एवढे दिवस हे खेळ करतोय, दहा पहिल्यांदा बघितले. त्या खुर्चीवरच्या कंपनीच्या वर आहे आपली जाहिरात, दाजींच्या फोटोसकट.

आणखी एक. जाहिरातीवरून कुणी फोन केला तर मला इथे नंबर दिसतो. मागच्या आठवड्यात एक नंबर बघितला आणि हसलो. बेर्ता मावशीचा. म्हणजे तिने भाचीच्या दुकानाची जाहिरात बघून भाचीच्या दुकानालाच फोन केला. मिटवलं की नाही मी तुमचं भांडण, तीन हजार किलोमीटरवरून? एदेरला सांग, तुझ्या आईचं कुलूप माझ्यामुळे बदललं, आता बेकरीतून माझ्या वाटणीचं काढून ठेव. शाळेत तो माझ्या वाटणीचं रोज खायचा, अजून हिशेब बाकी आहे.

ओब्दुलियो गेला. तो हॉस्पिटलात चार दिवस होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याची बायको एल्दा, तिकडे पुएर्तो बारिओसला असते. मी तिला फोन केला, त्याची हत्यारं पाठवली. दातांचंही सांगितलं. ती म्हणाली, ते त्याने मला सांगितलं होतं, म्हणाला एक वेडा होंदुरासवाला भेटलाय, पण मनाने बरा आहे.

दाजींना म्हणावं, मदतनीस ठेवा आता. एवढे फोन एकट्याला झेपायचे नाहीत.

सेल्विन


सान पेद्रो,
१ जून

सिपोते,

हे पत्र ओदिलियाच्या पिशवीत नाही, तिच्या पोलक्यात आहे. वाचलंस की जाळ.

तुझं एप्रिलचं पत्र माझ्याआधी त्यांनी वाचलं. नाक्यावर आता पिशव्याही उलट्या करतात. ओदिलियाला पायरीवर बसवलं आणि नेरीने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्या पोरांना. ‘सगळ्या बाजूंनी फोन येतील’ हे त्याने दोनदा वाचलं. मग फोन काढून तुझं पान बघितलं.

हद्द रुळांवर राहिलेली नाही. गेल्या नोव्हेंबरपासून ती फुटबॉलच्या मैदानावर आहे. मैदानाच्या त्या बाजूचं सगळं दुसऱ्यांनी घेतलं, ब्रिसाससुद्धा. मावशीशी माझं काही वाजलेलं नाही. तिच्याकडे जायचा रस्ताच उरलेला नाही. तू गेलास तेव्हाचा नकाशा तुझ्या डोक्यात आहे, आणि तुझ्या अकरा नावांतली सात आता पलीकडे आहेत. या बाजूच्या माणसाने त्या बाजूची नावं दुकानाच्या पाटीवर लावली तर त्याचा अर्थ काय होतो, तो तुला सांगायला नको.

तेव्हाच का लिहिलं नाही म्हणशील. हद्द सरकली असं लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, कशी सरकली, कोण मेलं, इकडचा मोठा आता कोण. नेरी आहे असं सांगावं लागलं असतं. मग तू टायर काढायची ती पहार घेऊन इथे आला असतास, आणि तो त्याचीच वाट बघतोय. तुला लांब ठेवायला मी गप्प राहिले. तुला तो हट्ट वाटला.

मायनोर बाकाशी किल्ली घासत होता. नेरी पत्र हातात घेऊन आत आला, मागे चौघं. त्याचा जबडा नीट बसलेला नाही, शब्द एका बाजूने बाहेर येतात. म्हणाला, “सात नावं आहेत. सात वेळा फिरवू.” मला आधी कळलं नाही. मग त्यांनी मायनोरचा उजवा हात त्याच्याच बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला. नेरी दांडी धरून म्हणाला, “हा तुझा हात नाही, तुझ्या मेव्हण्याचा आहे असं समज. त्याचं माझ्याकडे येणं आहे.” प्रत्येक नाव वाचायचा, मग फिरवायचा. चार नावांपर्यंत मायनोर ओरडत होता. पुढच्या तीनला मीच ओरडत होते, तो शुद्धीवर नव्हता.

संपल्यावर त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. मी दिलं. पिऊन म्हणाला, “आता याला एका हाताने जमायचं नाही, वहिनी. मदतनीस लागेल. आम्ही देतो.”

तो निरोप मी लिहिला नव्हता. माझा फोन त्या दिवसापासून त्यांच्याकडेच असतो.

आता पलीकडून फोन आला की मायनोर जातो. मागे त्यांचा माणूस बसतो, तिशीचा, हसतमुख, हत्यारांची पिशवी मांडीवर. मैदानाशी, तिकडच्या पोरांना चेहरा दिसावा म्हणून, हेल्मेट काढून हातात घेतात. ज्याने फोन केला तो तिकडच्या पोरांना सांगून ठेवतो, आमचा कुलूपवाला येतोय, हा बघा फोटो. फोटो आहे, पत्ता आहे, वर दहा मार्क, कोण अडवणार. मायनोर डाव्या हाताने कुलूप काढतो, तोवर तो माणूस पाणी मागतो, संडास कुठे विचारतो, घरात किती पुरुष आहेत, मागचं दार कुठे उघडतं, सगळं बघून घेतो. नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. घरच्यांना दोन मिळतात.

मावशीलाही दोन मिळाल्या.

मायनोरचा फोटो बघून तिला इतका आनंद झाला की तिने कॉफी ठेवली, रोस्किया तळल्या. मायनोरने डोळ्यांनी खूप सांगितलं. ती त्याच्या हातावरच्या पट्टीकडे बघत राहिली, काय झालं रे बाळा म्हणत. एदेर नुकताच बेकरीतून आला होता, पिठाने पांढरा. त्या माणसाशी त्याने फुटबॉलवरून वाद घातला, हसला, त्याला पाव बांधून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दार उघडून आत आले. ना कडी मोडली, ना कुत्रं भुंकलं, आदल्या दिवशी त्या माणसाने त्यातला पाव चारला होता, ते त्याला ओळखत होतं. एदेर जेवत होता. ताटातच पडला. मावशीने त्याच्या तोंडावरून घेवड्याची उसळ धुतली तेव्हा खाली तोंड फारसं उरलं नव्हतं. एदेर पलीकडच्या टोळीतला होता का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर आणखी दोन घरं झाली.

नेरीने सांगितलंय, तू नावं काढलीस किंवा जाहिरात थांबवलीस तर त्याच दिवशी मायनोरला मारणार. ठेवलीस तर काय होतं ते वर लिहिलं. मायनोर जेवत नाही. काल म्हणाला, दुसराही हात शिकंज्यात घालतो, म्हणजे संपेल. मला काही सुचत नाही. तुझं ते यंत्र तुलाच कळतं.

येऊ नकोस. आलास तर तोही मेला आणि तूही मेलास, आणि पुरायला मी एकटी.

सुयापा


ह्यूस्टन,
१७ जून

ताई,

गेल्या दहा दिवसांत फोनवर मी तुला ज्या शिव्या घातल्या, त्यातली एकही तुला नव्हती. त्या नेरीने वाचाव्यात म्हणून होत्या. का, ते पुढे सांगतो.

पत्र वाचलं त्या दिवशी मी खिळे मारायची बंदूक घेऊन गाडीत बसलो आणि दक्षिणेला निघालो. व्हिक्टोरिया गावापर्यंत गेलो. तिथे पेट्रोल भरायला थांबलो आणि तुझी शेवटची ओळ आठवली, पुरायला मी एकटी. बंदूक गाडीच्या पुढच्या फळीला लावली आणि रिकामी होईपर्यंत दाबत राहिलो. पंपावरची बाई पोलिसांना फोन करायला लागली तेव्हा गाडी वळवली. आयुष्यभर मी मारामारीच केली ताई, आणि या खेपेला मारायला माझ्याकडे ते मार्क सोडून काही नव्हतं. मग मी मार्कच मारले.

नावं काढली नाहीत. तेराच्या तेरा आहेत, नेरीने रोज बघितली तरी त्याला दिसतील. मी पान बिघडवलं. जाहिरातीत दाराची कुलपं, आणि पानावर छपरांची आणि मोटारींची माहिती. एवढाले फोटो घातले की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून दुसरीकडे जातो. दहाचे सात झाले, सातचे चार झाले. मी तुझ्यावर ओरडायचो ना, तेच सगळं, या वेळी मुद्दाम. एकदम पाडले असते तर त्याला वास आला असता. हळूहळू पाडले, जसे प्रत्येक लहान दुकानाचे पडतात, ज्यांना कळतही नाही आपण कशाने मेलो. आणि रोज तुला फोनवर शिव्या घातल्या, बाई तू माझ्या पानाला काय केलंस, तुला हजारदा सांगितलं, धंदा बुडवलास. आपलं भांडण जुनं आहे, कुणालाही खरं वाटेल.

पलीकडून येणारे फोन मला इथे दिसतात. मागच्या आठवड्यात दोन आले. या आठवड्यात एकही नाही.

आता शेवटचा घाव. आज मी जाहिरातीत लिहिलं, शहरातलं सर्वांत मोठं दुकान, सगळी कामं फुकट, आणि नकाशावरची टाचणी उचलून समुद्रात लावली. दोन-तीन दिवसांत कंपनी खातं कायमचं बंद करेल, फसवणूक करणारा धंदा म्हणून. तसं पत्र येतं, अपील चालणार नाही असं लिहिलेलं. अशी पत्रं येऊन कितीतरी गरिबांची दुकानं बसली, मी त्याच्या भीतीने झोपायचो नाही. या वेळी त्याची वाट बघतोय. ते मी शनिवारी तुझ्या फोनवर पाठवीन, खाली चार शिव्या घालून. नेरी वाचेल. त्याच्यासमोर रड, मला शाप दे, म्हण की माझा भाऊ आता मेला मला.

पण उपयोग संपला की तो दाजींना ठेवणार नाही, हे तुलाही कळतंय. त्याला विचार करायला एक दिवस लागेल, तेवढाच आपला. रविवारी दाजींची पट्टी बदलायला दवाखान्यात जाता ना, तसेच निघा. पिशवी घेऊ नका, मोटरसायकल फाटकाशी ठेवा, दुकानाचं दार अर्धं उघडं ठेवा. दवाखान्याच्या मागच्या दाराशी ओदिलियाच्या भाच्याची गाडी असेल, कोंबड्यांची. तो तुम्हाला सरहद्दीवर, कोरिंतोच्या नाक्यापर्यंत सोडेल. पलीकडे ग्वातेमालात ओब्दुलियोची एल्दा उभी राहील. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, माझ्या घराच्या मागच्या दाराला कुलूप नाही, तुमच्या माणसाला येऊ दे.

मावशी येणार नाही, एदेरला सोडून कुठे जायची ती. पण निघण्याआधी कुणाकरवी तरी तिच्यापर्यंत एक पोचव. ती सात नावं मी घातली, दाजींनी नाही. दाजींनी डोळ्यांनी सांगितलं होतं. हे तिला कळायला हवं, मग ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

दाजींना सांग, डावा हात सांभाळा. मी शिकीन, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहून सांगा. पाटीवर कुठल्याही कॉलनीचं नाव लावायचं नाही.

हे पत्र ओदिलिया नाक्याकडे न येता तुला बाजारात टॉर्टियावालीजवळ देईल. तिच्याकडे दाजींसाठी काळे बूट दिलेत, एक माप मोठे. तळ चिकटवलेले आहेत, सुरीने उचकट. जाहिरातीसाठी वर्षभराचे बाजूला ठेवले होते ते, आणि खिळ्यांची बंदूक विकली त्याचे, दोन्ही बुटांत मिळून एक हजार सहाशे ऐंशी डॉलर.

सेल्विन